दोन कच्चे टाके

टक्. मग काहीतरी घरंगळत गेल्याचा बारीक आवाज, आणि पुन्हा शांतता.

शिलाई मशीनचा खण उघडताना बॉबिन पडली होती. पलंगाखाली जाऊन ती थांबली, तरी मी तिथेच उभी. नऊ दिवस आमच्या घरात मशीनचा आवाज नव्हता आणि बटणचाही नव्हता. एवढ्याशा बॉबिनने दचकायला झालं. दवाखान्यातून मी अंघोळीपुरती घरी आले होते. तिकडे बटणपाशी सासूबाई बसल्या होत्या, तासाभरात परत जायचं होतं, आणि मी अंघोळ सोडून बटणचा एखादा जुना मोजा शोधत होते.

बटण म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं सहा. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि चपटी होती की तिचे बाबा म्हणाले, "मशीनवालीच्या घरी बटणच येणार, दुसरं काय येणार?" शाळेत तिला छान नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघत नाही.

नऊ दिवसांपूर्वी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मी शिवलेले गणवेश पोचवायला निघाले होते. गाठोडं कॅरिअरच्या बाजूला बांधलं होतं. घाईत बांधलं, सैल बांधलं. वाटेत ते सुटत सुटत खाली सरकलं आणि त्याने तिचा पाय चाकाकडे ढकलला. ती म्हणाली, "आई, थांब ना." मी म्हटलं, "आलंच गं, तो काय कोपरा." कोपऱ्याच्या आधीच तिची टाच चाकाच्या तारांत गेली.

सासूबाई त्यावर एकदाच बोलल्या. रागाने नाही, रडता रडता: "गाठ जरा आवळून बांधायची होतीस गं." नंतर त्या विसरूनही गेल्या असतील. शिवलेल्या कपड्यात एखादी टाचणी राहून जाते ना, तसं ते वाक्य माझ्यात राहिलं. कुठेही वळलं की टोचायचं.

मोजा मिळाला. पांढरा, टाचेला विरलेला. त्यात हाताची मूठ घालून मी खिडकीशी बसले आणि सकाळी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आठवायला लागले.

त्या म्हणाल्या होत्या, "टाचेवरची कातडी गेलीये, खालची गादीही गेलीये. आत हाड उघडं आहे. उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी चिकटवली तर ती धरत नाही. धरलीच, तर चालताना फाटेल. तळव्याच्या मधला खोलगट भाग असतो बघा, जमिनीला न टेकणारा? तिथली कातडी टाचेच्या जातीची आहे, जाड, चिवट. ती मांसासकट उचलायची आणि मागे टाचेवर वळवायची. याला आम्ही फ्लॅप म्हणतो."

"म्हणजे ठिगळ," मी म्हटलं.

"ठिगळ तुम्ही कापून वेगळं करता. हा वेगळा करायचा नाही. एका बाजूने देठ तसाच ठेवायचा. त्या देठातून रक्त येतं आणि परत जातं. देठ सांभाळला तर फ्लॅप जगतो."

"आणि नाही जगला तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं काहीतरी करू. पण मग टाच टेकून नीट चालणं... ते मी आज कबूल करणार नाही."

मोज्याच्या तळव्यावर मी खडूने खूण केली आणि कात्री घातली. तीन बाजू कापल्या, चौथी, घोट्याच्या आतल्या अंगाची, तशीच ठेवली. कापलेला तुकडा ओढून टाचेवर आणला. पुरेना. ओढला की देठाशी चुणी पडायची. मग देठाच्या दोन्ही बाजूंनी जरा जास्त कापलं, तुकडा ओढण्याऐवजी फिरवला, आणि तो टाचेवर असा अलगद बसला की माझ्याच तोंडून "वा" निघालं. मागे तळव्यात भोक राहिलं. पण तिथे काय, तिथे वजनच येत नाही. तिथे साधं पातळ ठिगळ चालेल. डॉक्टरबाई मांडीवरची कागदासारखी कातडी म्हणाल्या होत्या ती याच्यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

आणि त्या भोकात बोट घातल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ही तर गुदगुल्यांची जागा.

बटणला उठवायची माझी एकच पद्धत. हाका मारायच्या नाहीत, पांघरूण ओढायचं नाही. पायाकडून पांघरुणात हात घालायचा आणि तळव्याच्या त्या खोलगट भागात एक बोट हळू फिरवायचं. आधी अंगठा हलतो, मग पोटरी आखडते, मग पांघरुणातून हसू येतं. सहा वर्षं आमच्या घरातली सकाळ त्या दोन बोटांएवढ्या जागेतून सुरू झाली होती.

दवाखान्यात परत गेल्यावर मी तो मोजा डॉक्टरबाईंपुढे धरला. त्यांनी तो हातावर चढवला, तुकडा मागेपुढे फिरवून बघितला, आणि मोठ्याने हसल्या. "हा मला द्या. शिकणाऱ्या पोरांना दाखवते. त्यांना चार आकृत्या काढून कळत नाही ते."

"एक विचारू? तिथे तिला गुदगुल्या व्हायच्या..."

"होतील की. संवेदना नेणारी नसही सोबत जातेय. त्याचसाठी हा फ्लॅप निवडला. उद्या टाचेखाली खडा आला तर तिला कळायला नको?"

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मोजा कापलास तो कापलास, मापात तरी कापलास का? माझा गाऊन शिवलास तेव्हा श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हतीस."

"आई, तुम्हाला तंबू हवा असतो."

"तंबूच हवा असतो. माणूस आहे मी, उशी नाही खोळीत कोंबायला."

हे आमचं जुनं भांडण. मी शिवलेलं अंगाला चापूनचोपून बसतं, गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. सासूबाईंना सगळं दोन बोटं ढगळ हवं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. बटणचे बाबा बेकरीतून थेट आले होते, भुवयांवर मैदा तसाच. बाकावर आम्ही तिघं एका ओळीत. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मोज्यासारखाच फिरला." मला हसायचं होतं, पण तोंड वेडंवाकडं झालं आणि बटणच्या बाबांनी पाठीवर हात ठेवला.

मग सुरू झाली राखण. पाय उशांवर उंच. कापूस आणि पट्टी, आणि पट्टीत टाचेपाशी एक चौकोनी खिडकी ठेवलेली, त्यातून तो नवा तुकडा दिसायचा. सिस्टर दर तासाला यायच्या, खिडकीतून बोटाने हलकेच दाबायच्या आणि सोडायच्या. दाबलं की पांढरं, सोडलं की पुन्हा गुलाबी. सिस्टरने मलाही शिकवलं. "परत गुलाबी व्हायला 'एक, दोन' म्हणण्याएवढा वेळ लागायला हवा. फार वेळ लागला तर रक्त येत नाहीये. लगेच झालं आणि रंग काळसर असला तर आलेलं रक्त परत जात नाहीये, आत तुंबलंय. दोन्ही वाईट. आम्हाला लगेच हाक मारायची."

बटणने त्याचा खेळ केला. सिस्टरने बोट उचललं की ती झोपल्या झोपल्या मोजायची, "एक बटण, दोन बटण." आणि विचारायची, "आला का गुलाबी?"

"आला."

"शहाणा आहे तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाढ झोपली. झोपेत तिने गुडघा हलवला, आणि सकाळी बांधलेली पट्टी घोट्यावरून सैल होऊन लोंबायला लागली. एक पदर पार उशीवर आलेला. समोर खुर्चीत सासूबाई पेंगत होत्या. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्यांना औषध देत होत्या. मी त्या पदराकडे बघत बसले. सैल. सुटत सुटत खाली सरकणारं. मला गाठोडं दिसायला लागलं.

हाक मारायला हवी होती. एवढंच करायचं होतं. पण सैल पडलेलं कापड दिसलं की माझा हात मला विचारत नाही. पिशवीत सुईदोरा नेहमी असतो. मी पदर उचलला, घोट्याच्या आतल्या बाजूने नीट फिरवून घेतला, हलणार नाही इतका आवळला, आणि दोन कच्चे टाके घालून टाचून टाकला. दोरा दाताने तोडला. पट्टी कशी सुरेख बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी आपल्या हातून धड झालं.

सव्वातीनला मी सहज पट्टीतल्या खिडकीतून बघितलं. पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला होता आणि वर ट्यूबलाइट. तुकडा थोडा गडद वाटला. त्या उजेडात सगळंच गडद वाटतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण हे मी कुठल्या गिऱ्हाइकाला तरी सांगेन का? दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवायचा तर मी दारात जाते, दिवसाच्या उजेडात धरते. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग बाहेर पडला की दगा देतो.

मी उठून हिरवा पडदा सारला, खिडकीचाही सारला. ऊन सरळ उशांवर पडलं.

माझ्या रिळांच्या डब्यात गुलाबीच्या पुढे जांभळा लागायच्या आधी एक रीळ आहे, त्या रंगाचं कापड कधीच येत नाही म्हणून ते तसंच भरलेलं राहिलंय. तो रंग. मी बोट टेकवलं, सोडलं. "एक ब" म्हणेपर्यंत तो काळसर रंग परत आला होता.

"सिस्टर!"

माझ्या हाकेने सासूबाई जाग्या झाल्या, बटणही. सिस्टर धावत आल्या, बघितलं, पट्टीखाली कात्री घातली. आणि थांबल्या. त्यांनी दुसऱ्या सिस्टरला डॉक्टरबाईंकडे पळवलं. डॉक्टरबाई दोन मिनिटांत आल्या. पट्टी कापून बाजूला केली, देठावर बोट ठेवलं, मग कापलेली पट्टी उजेडात धरली.

"हे टाके माझे नाहीत," त्या म्हणाल्या. "पट्टीला कोणी हात लावला? आणि कधी? मला नेमकी वेळ हवी. देठ किती वेळ दाबला गेला त्यावर ठरेल, इथे थांबायचं की तिला परत आत न्यायचं."

बटण माझ्याकडे बघत होती. गाठोडं मी बांधलं होतं, हेही मीच बांधलं.

"मी लावला," सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या खुर्चीतून उठल्या होत्या, पदराने हात पुसत होत्या, जणू आत्ताच काम आवरलंय. "सैल दिसली म्हणून मीच घातले टाके. म्हातारी अक्कल. हिला नका बोलू. सकाळीच घातले, जेवणाआधी."

"आजी," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो?"

सासूबाईंना चष्मा लावूनही सुईचं नाक दिसत नाही. काल त्यांनी सिस्टरच्या पेनाला थर्मामीटर म्हटलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "मनात आणलं तर येतो."

सकाळी, म्हणाल्या होत्या त्या. सकाळी म्हणजे तीन-चार तास. त्या मला वाचवत होत्या, आणि त्या तीन-चार तासांनी बटण विनाकारण परत आत गेली असती.

"नाही, मी," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "मी टाचली. पावणेतीनला. घड्याळ बघितलं होतं."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे नजर टाकली. साडेतीन होत होते. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पाऊण तास. ठीक. म्हणजे देठ आतून पिळलेला नसावा, बाहेरून दाबला गेलाय. बाहेरचं काढता येतं." मग बारीक कात्री घेऊन त्यांनी देठाजवळचे दोन टाके उसवले. त्यांचे स्वतःचे. उसवताना हात इतका हलका की कापडाला कळू नये. उसवणं ज्याला येतं त्यालाच शिवणं येतं असं मी माझ्याकडे शिवण शिकणाऱ्या मुलींना सांगते, ते त्या दिवशी मी दुसऱ्याच्या हातात बघितलं. गडद रक्ताचे चार थेंब आले. त्यांनी टिपले.

"इथे फिटिंग नको असतं," त्या मला म्हणाल्या. "जखम सुजते. सुजायला जागा लागते."

"दोन बोटं ढगळ," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"अगदी बरोबर, आजी."

मग तासभर वाट बघायची ठरली. रंग सुधारला नाही तर बटण परत आत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रंग तुम्ही बघा. पडदा उघडाच राहू दे. या वॉर्डात तुमच्याएवढा रंग कोणाला कळत नाही." ज्या बाईने आत्ताच चूक केली तिच्या हाती कोणी असं काम देतं का? त्यांनी दिलं.

मी पायाशी बसले. सासूबाई डोक्याशी. दर पाच मिनिटांनी मी बोट टेकवायची आणि बटण मोजायची.

"एक..."

"आला?"

"लवकर आला."

"लवकर येणं चांगलं ना? शाळेत लवकर गेलं की बाई शाबास म्हणतात."

"याने सावकाश यायचंय. तुझ्यासारखं, आळोखेपिळोखे देत."

चार वाजून दहा मिनिटांनी ते "एक बटण" झालं. मला वाटलं, मला नुसता भास होतोय. मी सिस्टरला बोलावलं, त्यांनीही दाबून बघितलं, मान हलवली, पण हसल्या नाहीत. खिडकीतलं ऊन उशीवरून सरकून चादरीवर गेलं, तसा मी पलंग जरा पुढे ओढून घेतला. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुला तेव्हा गाठीचं बोलायला नको होतं मी." त्यांनी बटणच्या कपाळावरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला.

पावणेपाचला मी बोट उचललं आणि बटणने मोजलं, "एक बटण, दोन बटण," आणि दोनवर तो आला. गुलाबी. रिळावर ज्याचं नाव कोणी 'फिका गुलाबी' लिहितं, आणि जो कुठल्याच फिक्या गुलाबीसारखा नसतो, तो.

"आला का गं?"

"आला."

"मग रडतेस कशाला? तो उशिरा आला म्हणून?"

सासूबाई म्हणाल्या, "तिच्या डोळ्यांची फिटिंग बिघडलीये, तू मोज."

फ्लॅपची एक कड मात्र काळी पडली. नखाएवढी. पुढे तिची खपली झाली आणि गळून पडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढं चालतं. मला ती जागा आजही शोधावी लागत नाही.

घरी आल्यावर मी मशीनवर पहिलं काम सासूबाईंच्या गाऊनचं केलं. दोन्ही बाजूंनी उसवला आणि पट्ट्या घातल्या. त्यांनी घालून बघितला, हात पसरून गिरकी घेतली आणि म्हणाल्या, "आता तंबू झाला." पण दुपारभर काढला नाही.

दोन महिने बटण उचलून, मग कुबडीने, मग भिंतीला धरून. टाच टेकवायला डॉक्टरबाईंनी परवानगी दिली त्या दिवशी तिने ती टेकवली आणि लगेच उचलली. "खाली काहीतरी आहे," म्हणाली. मी वाकून बघितलं. फरशीच होती.

आज पुन्हा शाळेत जायचा पहिला दिवस. तिला उठवायला मी पायाशी बसले आणि सवयीने पांघरुणात हात घातला. बोट तळव्याच्या खोलगट भागात फिरवलं. तिथे आता मांडीची कातडी आहे, गुळगुळीत, जराशी आत बसलेली. अंगठा हलला नाही. काहीच हललं नाही. मी हात तसाच ठेवून बसले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मला माहीत होतं, तरी.

मग बोट मागे नेलं. टाचेवर.

अंगठा हलला. पोटरी आखडली. पांघरुणातून हसू आलं आणि त्याच्यामागून केस विस्कटलेलं डोकं. "आई, तळव्यात नको ना!"

"तळव्यात कुठे? टाचेवर आहे माझं बोट."

"खोटं."

"बघ."

तिने पांघरूण उडवलं. माझं बोट टाचेवर होतं. तिने पाय वळवून दोन्ही हातांत धरला, तिथे स्वतःचं बोट ठेवलं, फिरवलं, आणि खुदकन हसली. पुन्हा तळव्याकडे बघितलं, तिथे बोट नव्हतं. दाराशी तिची वेणी घालायला सासूबाई फणी घेऊन उभ्या होत्या. त्याही बघत राहिल्या.

"मला तर इकडे होतंय," बटण खोलगट जागेकडे बोट दाखवत म्हणाली. "पण तू तर तिकडे करतेस."

"तो तुकडा आधी इकडचा होता ना. डॉक्टरबाईंनी तिकडे नेला."

"म्हणजे त्याला अजून वाटतंय तो इकडेच आहे?"

"हो, असंच काहीसं."

तिने टाचेवर हात ठेवला, अगदी हलका, झोपलेल्या कोणावर ठेवावा तसा. आवाजही लहान केला.

"मग आई, तो टाचेवर आलाय हे त्याला कोण सांगणार?"